ग्रुप बदलताना

ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. "ॲडमिन म्हणतो, डॉकर ग्रुपमध्ये टाकलंय. मग मला अजून 'परमिशन डिनाइड' का?" ग्रुपची फाइल उघडून बघावी तर नाव व्यवस्थित दिसतंय, पण मशीन काही ओळख दाखवायला तयार नाही!

कारण तसं साधं आहे. लिनक्सवर तुम्ही कोणकोणत्या ग्रुपात आहात, हे लॉगिन करताना एकदाच पाहिलं जातं. ती ओळख तुमच्या शेलला चिकटते आणि त्या शेलमधून सुरू होणारी प्रत्येक प्रोसेस ती वारशानं घेते. नंतर फाइलमध्ये काहीही लिहा, चालू शेलला त्याचा पत्ताच नसतो. मग एक तर लॉगआउट करून परत या, नाहीतर 'न्यूग्रुप' चालवा.

ही कमांड म्हणजे जुनं खोड. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत ती होती. त्या काळी प्रोसेस एका वेळी एकाच ग्रुपची असे. दोन प्रोजेक्टांवर काम करणाऱ्याला इकडून तिकडे जाताना ग्रुप बदलावा लागे. १९८३ मध्ये ४.२ बीएसडीनं एकाच वेळी अनेक ग्रुपांत राहायची सोय केली आणि न्यूग्रुपची गरज बरीच कमी झाली. पण संपली नाही. कारण ग्रुप कितीही असले तरी मुख्य एकच. डिरेक्टरीवर सेटजीआयडी नसेल, तर नवी फाइल सहसा त्या मुख्य ग्रुपच्या नावावर चढते, सातबाऱ्यावर चढावी तशी. न्यूग्रुप तो मुख्य ग्रुप बदलतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी माझी टेस्टिंगमधून डेव्हलपमेंटला बदली झाली. सोमवारी मेल आला, नाव नव्या यादीत. डोकं मात्र जुन्याच शेलमध्ये. कोणी "आपला कोड" म्हणालं की मला "त्यांचा" असंच ऐकू यायचं.

न्यूग्रुपची एक गोष्ट मला फार आवडते. लिनक्सवर ते नवी शेल उघडतं, पण जुनी मरत नाही, खाली थांबून राहते. 'एक्झिट' म्हटलं की परत तिथेच, सगळं जसंच्या तसं.

माणसांचं तसं नाही. आता मी टेस्टिंगच्या टेबलावर जेवायला बसलो की रिलीजची बोलणी थांबतात. राग वगैरे काही नाही, फक्त ती फाइल वाचायची परवानगी मला उरलेली नाही. ज्या मित्रानं मला बग नीट लिहायला शिकवलं, तो परवा म्हणाला, "तुमच्या लोकांनी परत तेच केलं बघ." तुमच्या! घरी येईपर्यंत तो एक शब्द डोक्यात घोळत होता.

युजरमॉड वापरताना मोठ्या जीबरोबर छोटा ए द्यावा लागतो. तो राहिला, तर नवा ग्रुप मिळतो, पण यादीत न दिलेले जुने जादा ग्रुप एका फटक्यात जातात. बदली करणाऱ्या मेलमध्ये असा ए नसतो. तो आपला आपणच द्यायचा.

म्हणून दर बुधवारी मी डबा घेऊन टेस्टिंगच्याच टेबलावर जातो. बोलणी थांबली तर थांबली, मी शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवतो. बघू किती दिवस जमतंय ते.