रेडिएशन नावाची भीती

आमच्या मोहल्ल्यात ‘रेडिएशन’ हा शब्द दोनच वेळा निघतो. कुणाला कॅन्सर झाला तर, नाहीतर मोबाइल टॉवरवरून भांडण झालं तर. त्यामुळे भाचीने पीएच.डी.साठी ‘उष्णता आणि रेडिएशन वापरून फेराइटची निर्मिती’ हा विषय निवडला, तेव्हा आपा घाबरली. म्हणाली, “भाई, पोरीचं लग्न व्हायचंय. तिला काही झालं म्हणजे? शिकली तेवढं पुरे.”

मी भाषा शिकवणारा माणूस. भाचीला म्हटलं, “आधी मला समजव, मग मी तुझ्या अम्मीला समजावतो.”

फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमध्ये झिंक, निकेल, मँगनीज अशा धातूंची ऑक्साइडं मिसळून भाजलेला चुंबकीय सिरॅमिक पदार्थ. १९३० साली जपानमध्ये योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी त्यावर मूलभूत काम केलं. जुन्या ट्रान्झिस्टरमधली काळी कांडी फेराइटची, साध्या स्पीकरमागचं काळं चुंबकही बहुधा फेराइटचंच.

भाचीची पद्धत मला स्वयंपाकासारखी वाटली. धातूंचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, त्यात सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलंच आम्ल, घालायचं आणि मंद आचेवर आटवायचं. घट्ट जेल होतं, ते आपोआप पेट घेतं आणि राखेसारखी फुललेली भुकटी उरते. ती दाबून टिकली करायची आणि भट्टीत ठेवायची. याला सिंटरिंग म्हणतात. साधारण ११०० ते १३५० अंशांना कण वितळत नाहीत, पण एकमेकांना घट्ट चिकटतात. मधल्या पोकळ्या भरतात आणि टिकली आकसते. आच फार वेळ राहिली तर झिंक उडून जातं, कण नको तेवढे वाढतात आणि चुंबकीय गुण बिघडतात.

इथे रेडिएशन कामाला येतं. भट्टीची उष्णता बाहेरून आत जाते. मायक्रोवेव्ह मात्र पदार्थ स्वतःच शोषतो आणि आतूनही तापतो, त्यामुळे तासांचं काम बऱ्याचदा मिनिटांत होतं. रशियात तोम्स्कच्या संशोधकांनी लिथियम फेराइट इलेक्ट्रॉनच्या झोताने तापवून पाहिले आहेत. तसले झोत जाड भिंतींआड चालतात. भाचीचं काम मात्र मायक्रोवेव्हचं.

मग मी आपासमोर बसलो. सिंटरिंग हा शब्द वापरलाच नाही. म्हटलं, “कुंभाराचा आवा पाहिलायस ना? कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, भाजलेलं पाणी धरतं. पोरगी तेच करते, फक्त तिची माती चुंबकाची आहे. आणि तिचं रेडिएशन म्हणजे तुझ्या जावेच्या घरी बिर्याणी गरम होते ना, त्याच जातीचं. यंत्राचं दार लागल्याशिवाय ते सुरूच होत नाही.”

आपाने बराच वेळ विचार केला. मग एकच विचारलं, “भट्टीपाशी हात भाजत नाही ना?”

हा प्रश्न मला फार आवडला. ही आईची खरी काळजी होती आणि तिला उत्तर होतं: जाड हातमोजे, लांब चिमटा, भट्टी थंड होईपर्यंत धीर. मघाच्या भीतीला असं काहीच उत्तर नव्हतं.

भाचीचा अर्ज भरला गेला. आपल्या मुली प्रयोगशाळेपर्यंत पोहोचू लागल्या आहेत, पण त्या तिथे काय करतात हे घरच्या बोलीत सांगणारं कुणी नसतं. नुसत्या एका न कळलेल्या शब्दापायी शिक्षण थांबू शकतं. तुमच्या घरात असा एखादा शब्द अडून बसला असेल, तर तो आधी मुलीकडूनच समजून घ्या.