चोर्ल्याचा घाट ओलांडून आलेला सोबती

म्हापशाहून हणजुण्याच्या बाजूला निघाले की थोड्याच अंतरावर आसगाव लागते. लाल चिऱ्याचे कठडे, उतरत्या कौलांची जुनी घरे, आंब्या-फणसांची गर्द सावली आणि मधूनच दिसणारी भाताची खाचरे असा हा गाव आहे. अलीकडे तेथील पुष्कळ घरे बाहेरच्या धनिकांनी विकत घेतली असून रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढली आहे. मात्र ह्या गावाची आणखी एक ओळख आहे. १९९८ साली ‘इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू’ ह्या संस्थेने येथे जखमी व बेवारशी जनावरांसाठी केंद्र उघडले. त्यानंतर गोव्यात इतरत्रही अशी आश्रयस्थाने उभी राहिली, आणि तेथील कुत्री दत्तक नेण्याची चाल हळूहळू रुजली.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या एका कुटुंबाचा राखणीचा कुत्रा पावसाळ्यात म्हातारा होऊन मेला. थोरला मुलगा म्हापशाला नोकरीस असल्याने त्याने तिकडूनच कुत्रा आणावा असे ठरले, आणि जानेवारीत त्या मंडळींबरोबर मीही गेलो. आश्रयस्थानात त्यांनी निवडलेला कुत्रा तांबूस रंगाचा, साधारण दोन वर्षांचा, आपल्याकडच्या गावठी जातीचा होता. नसबंदी झाल्याची खूण म्हणून त्याच्या कानाचे टोक कापलेले होते. ह्यापूर्वी एका घराने त्याला नेऊन आठच दिवसांत परत आणून सोडले होते. ‘हा घरात रुळत नाही’ हे कारण! तेथील सेवक मला म्हणाला, “फादर, आठ दिवसांत माणसाला तरी नवे घर आपले वाटते का?”

निघण्यापूर्वी त्याने आम्हांला तीन वस्तू दिल्या: लस टोचल्याचा दाखला, चार दिवस पुरेल इतके तेथलेच खाद्य, आणि कुत्रा ज्यावर निजत असे त्या गोधडीचा तुकडा. ह्या तिसऱ्या वस्तूचे मोल आम्हांला पुढे कळले.

डिचोली, साखळी, केरी असे करीत आम्ही घाटाला लागलो. वळणाच्या रस्त्यावर कुत्र्याला माणसासारखीच गाडी लागते, म्हणून त्याला सकाळपासून पाणी तेवढे दिले होते. खाली अंजुण्याच्या धरणाचे पाणी चकाकत होते. तो मात्र मागच्या बैठकीवर अंग चोरून थरथरत बसला होता. चोर्ला ओलांडून आम्ही कणकुंबीस थांबलो. साखळी हातात घट्ट धरल्याखेरीज गाडीचे दार उघडायचे नाही, अशी सेवकाची ताकीद होती; कारण घाबरलेला कुत्रा पहिल्या फटीतून निसटतो, आणि अनोळखी रानात त्याला स्वतःचे नावही माहीत नसते.

कणकुंबी हे मलप्रभा नदीचे उगमस्थान. येथून ती पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते, तर डोंगराच्या पलीकडल्या उतारावरचे पाणी म्हादईवाटे अरबी समुद्राला जाते. तेथे आमचा पाहुणा प्रथमच नाक वर करून बराच वेळ वारा हुंगत उभा राहिला. समुद्राकाठची खारी, दमट हवा मागे राहिली होती. आपण मुलूख डोळ्यांनी ओळखतो, कुत्रा तो नाकाने ओळखतो. आणि त्याच्या नाकाला ओळखीचे असे काहीच उरले नव्हते.

घरी पोहोचताच अर्धी आळी अंगणात जमली. शेजाऱ्यांना दोन दिवसांनी येण्याची विनंती करून आम्ही त्याला मागच्या पडवीच्या कोपऱ्यात नेले. तेथे पोते अंथरून त्यावर तो गोधडीचा तुकडा टाकला आणि जवळ पाण्याचे भांडे ठेवले. तो गोधडीत तोंड खुपसून पडला तो दुसऱ्या सकाळपर्यंत हलला नाही. अन्नाला शिवला नाही. मुलांना सांगितले, त्याच्याकडे टक लावून पाहू नका, वरून हात नेऊन डोके कुरवाळू नका. जमिनीवर जरा लांब बसा, त्याला यावेसे वाटेल तेव्हा तो येईल.

तिसऱ्या दिवशी घरातील आजी त्रासून म्हणाल्या, “फादर, ह्याच्यापेक्षा आमचा जुना मेलेला बरा होता. शेपूटसुद्धा हलवीत नाही. पाठवून द्या परत!” मी म्हणालो, “आजी, नवी सून आली की तुम्ही तिला तीन दिवसांत पारखता काय?” आजी हसल्या, पण त्यांचे मन वळले नव्हते. कुत्रे बाळगणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: पहिले तीन दिवस भीतीचे, पुढचे तीन आठवडे घराची रीत शिकण्याचे, आणि तीन महिन्यांनी ते घर त्याचे. हा काही शास्त्राचा नियम नव्हे. एखाद्याला ह्याहून अधिक काळही लागतो. पण तेवढी मुदत द्यायची असे घरधन्याने कबूल केले.

नेहमीच्या वेळी जेवण, नेहमीच्या वेळी बाहेर नेणे, एकाच नावाने हाक मारणे, ह्यांनी बरेच काम केले. आश्रयस्थानाच्या खाद्यात रोज थोडाथोडा घरचा भात मिसळीत अन्न बदलले, म्हणून पोट बिघडले नाही. घरात घाण केली तर मारायचे नाही. उठल्यावर व जेवणानंतर लगेच बाहेर न्यायचे आणि तेथे विधी केल्यावर शाबासकी द्यायची. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे कुत्र्याला घातक, हे आजींनीच सुनेला पाठ करून दाखविले. मनुका म्हटल्यावर नाताळचा केकही त्यात आलाच.

दहाव्या दिवशी धाकट्या मुलाने त्याच्या ताटलीकडे हात नेला आणि तो गुरगुरला. बापाने काठी उचलली. मी योगायोगाने तेथेच होतो; काठी खाली ठेवण्यास सांगितले. गुरगुरणे ही कुत्र्याची भाषा आहे. ‘दूर राहा’ एवढेच तो सांगतो. त्यासाठी मार बसला तर तो सांगणे सोडील आणि पुढच्या वेळी थेट चावेल. त्या दिवसापासून त्याची ताटली कोपऱ्यात गेली, आणि तो जेवताना व निजलेला असताना त्याच्याजवळ जायचे नाही, असा मुलांना नियम झाला.

लसीच्या बाबतीत मात्र हयगय नको. २०१३ साली सुरू झालेल्या ‘मिशन रेबीज’ ह्या मोहिमेने गोव्यात गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाले. आपणही दर वर्षी लस टोचून घ्यावी. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कारण लक्षणे दिसू लागल्यावर ह्या रोगातून सहसा कोणी वाचत नाही.

चौथ्या आठवड्यात एके पहाटे आजी विहिरीवर निघाल्या, तेव्हा तो आपण होऊन उठला आणि त्यांच्या मागून चालू लागला. त्यानंतर त्याला परत पाठविण्याची गोष्ट घरात कोणी काढली नाही. एप्रिलमध्ये तो ओसरीच्या पायरीवर निजू लागला, आणि अनोळखी पाऊल वाजले की भुंकून घर जागे करू लागला.

डिसेंबरात जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला आपली कुटुंबे जातात. त्या वेळी एखादे आश्रयस्थान अवश्य पाहून यावे, मात्र कुत्रा तेव्हाच आणू नये. पुढे लगेच नाताळ येतो. पाहुणे, फटाके आणि गजबज ह्यांनी नव्या जनावराचा जीव घाबरा होतो. सण आटोपावा, घर शांत व्हावे, आणि तीन महिने धीर धरण्याची तयारी घरातील प्रत्येकाची आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. मग खुशाल घाट उतरावा.