एका युनिटचं पाणी

वडोदऱ्यात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना पाणी म्हणजे आजवा आणि घरातला नळ. पाणी वर चढवायला वीज लागते, हे सोसायटीची मोटर जळली की तेवढं आठवतं. बी.ई. होऊन आठ-दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली तरी माझंही ज्ञान तेवढंच होतं.

२०१८ साली गुजरात सरकारने सूर्यशक्ती किसान योजना, म्हणजे ‘स्काय’, जाहीर केली. माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याचे वडील बनासकांठ्यात, डीशाच्या पुढे शेती करतात. पाऊस बेताचा, आणि बोअरचं पाणी ६५० फुटांवर. योजनेत सोलर पॅनेलच्या खर्चापैकी ५ टक्के शेतकऱ्याने घालायचे, ३५ टक्के कर्ज, बाकी सबसिडी. शेतीला वापरून उरलेली वीज वीजकंपनी विकत घेणार: पहिली ७ वर्षं युनिटला ७ रुपये, पुढची १८ वर्षं साडेतीन रुपये. काकांचा निरोप आला, “बेन, कॉम्प्युटरवर जरा काढून दे ना, यात पडावं की नाही.”

मग शनिवार-रविवारी बसून मॉडेल लिहिलं. मॉडेल म्हटलं की भारी वाटतं, पण होता तो रोजमेळच. आज ऊन किती, पाऊस किती, मातीत ओल किती, पिकाला पाणी हवं का. हवं असेल तर पंप चालेल, नसेल तर वीज तारेत जाईल. असे २५ वर्षांचे दिवस एकामागून एक.

त्यातला सगळ्यात बोलका आकडा मात्र वहीवरच निघाला. हजार लिटर पाणी २०० मीटर वर आणायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर, साधारण १.१ युनिट लागतं. एका एकराला दोन इंच पाणी दिलं की दोन लाख लिटर, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास युनिट. ७ रुपयांनी त्याचे पंधराशेहून जास्त होतात. गुजरातेत बऱ्याच शेतकऱ्यांना कित्येक वर्षं पंपाच्या हॉर्सपॉवरवर ठरलेलं बिल येत आलंय. अशा बिलात पंप तासभर जास्त चालवला तरी खिशातून काही जात नाही, मग वीज असेल तोवर तो चालतो. ज्योतिग्राम योजनेने शेतीचे फीडर वेगळे करून वीज ८ तासांवर आणली, पण त्या ८ तासांतल्या पाण्याला किंमत आली नाही. नुसतं सोलर पॅनेल दिलं तर पाणी आणखीच फुकट. वीज विकता आली, तर एरंडाला एक पाणी जास्त द्यावं का, हा पंधराशे रुपयांचा प्रश्न होतो.

पण हाच हिशेब ५० फुटांवर पाणी असलेल्या गावाचा केला तर एकरी सव्वाशे रुपयेसुद्धा निघत नाहीत. तेवढ्यासाठी कोण पाणी वाचवील? तिथे शेजाऱ्याला पाणी विकणं वीज विकण्यापेक्षा परवडतं. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये ६ शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळीने आपल्या सोलर पंपांची वीज वीजकंपनीला विकायला सुरुवात केली. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण खेड्याचा अनुभव उचलून बनासकांठ्यात ठेवता येत नाही, आणि उलटही नाही. राज्यभर एकच भाव लावणाऱ्यांनी खोलीचा रकाना पाहिला होता का, असं मला राहून राहून वाटतं.

काकांना मी हे सगळं आलेखांसकट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण पैसे कुणाचे?”

बोअर त्यांच्या एकट्याचा नव्हताच. पाच भागीदार होते. उत्तर गुजरातेत खोल बोअर एकट्याला झेपत नाहीत, म्हणून भागीदारीत घेतात आणि तासांच्या पाळ्या ठरवतात. एका भागीदाराची जमीन जास्त, त्याला पाणी हवं. एकाची मुलं सुरतेला, शेत अर्धलीने दिलेलं, त्याला रोख हवी. मीटर एकच. माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘शेतकरी’ नावाचा एकच माणूस होता, त्याचे पाच केले. पाण्याने मिळणारं जास्तीचं पीक आपल्या पाळीवाल्याचं आणि विजेचे पैसे पाचांत सारखे, असं धरल्याबरोबर पंप पुन्हा जोरात चालू लागला. साहजिकच आहे, पंधराशेतले तीनशेच आपले.

तोडगा भागीदारांनीच काढला. ज्याची पाळी त्याची वीज. पाळी सोडली तर त्या तासांचे पैसे त्याचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला पाण्याच्या हक्काचा व्यापार वगैरे म्हणत असतील. इथे तो वहीच्या एका पानावर पाच सह्यांनिशी झाला. मला कोडच्या चार ओळी बदलाव्या लागल्या, आणि उपशाची रेघ खाली आली.

योजना फीडरनिहाय होती आणि त्यांचा फीडर पहिल्या टप्प्यात आला नाही. पुढे २०१९ मध्ये केंद्राची पीएम-कुसुम आली, अटी बदलल्या, मी आकडे पुन्हा भरले. काकांचा प्रश्न मात्र जुन्याच कागदावरचा आहे: आठव्या वर्षी भाव निम्मा झाला आणि तोवर पाणी ८०० फुटांवर गेलं, तर पाळी कोण सोडणार? आत्ता मी तोच आलेख काढतेय. तेवढ्या खोलीवर हजार लिटरला १.३ युनिटच्या वर लागतात, तरी साडेतीनच्या भावाने एका पाण्याचे हजाराच्या आतच होतात. पंधराशेला पाळी सोडणारा भागीदार हजाराला सोडेल का, हे त्या चौघांना विचारून कळवा, असं काकांना सांगितलंय.