सुक्याबरोबर ओलं

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणताना मराठी माणूस बहुधा सुस्कारा सोडतो. मूळ म्हणीत सुस्कारा असेलच असं नाही. चुलीपुढं बसलेल्या बाईला ओलं लाकूड पेटवायचं तर सुक्याचा आधार घ्यावाच लागतो. तिच्या लेखी ही तक्रार नव्हे, स्वयंपाकाची रीत. हळहळ चिकटली ती लाकडांच्या जागी माणसं आल्यावर. दंगलीत वाटसरू मेला, गिरणीला टाळं लागून कामसू माणूसही घरी बसला, की म्हण तोंडावर येते आणि बोलणारा पुढच्या विषयाकडं वळतो. जाळ कुणी लावला, ओलं तिथं कुणी आणून ठेवलं, हे विचारायची गरजच उरत नाही. इतक्या सोयीच्या वाक्यावर जरा संशय घ्यायला हवा.

घ्यायचाच तर तो अॅमस्टरडॅममधल्या एका आगीपाशी घ्यावा, कारण तिथं ही म्हण उलटी पडली. सुकं धड जळलं नाही आणि जे वाया गेलं त्यातलं बरंचसं भिजून गेलं.

27 मार्च 1943, शनिवारची रात्र. आर्टिस या प्राणिसंग्रहालयाला लागून प्लांताज केर्कलान रस्त्यावर शहराचं लोकसंख्या नोंदणी कार्यालय होतं. पोलिसांच्या वेशात काही जण दारात आले, तपासणीला आलोय म्हणाले आणि आत शिरले. गणवेश शूर्ड बाकर नावाच्या शिंप्यानं शिवले होते. पहारेकऱ्यांना वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं आणि त्यांना उचलून सुरक्षित जागी नेऊन ठेवलं. मग कपाटांचे खण उपसून कार्डं जमिनीवर ओतली, त्यांवर बेंझिन शिंपडलं, सुरुंग लावले आणि मंडळी निघून गेली. नेतृत्व होतं विलेम अरोन्देउस या चित्रकार-लेखकाकडं आणि खेरित फान डर वेन या शिल्पकाराकडं. योजना आखणाऱ्यांत फ्रीडा बेलिनफान्टे ही चेलोवादक आणि वाद्यवृंद संचालिका होती, स्टेडेलिक संग्रहालयातला विलेम सँडबर्ग होता. कलावंतांची ही टोळी. जर्मनांनी काढलेल्या कला-मंडळाचं सभासद व्हायला त्यांच्यापैकी अनेकांनी नकार दिला होता.

कलावंतांना सरकारी दप्तराचं काय पडलं होतं? कारण साधं होतं. ही मंडळी खोटी ओळखपत्रं बनवत. फान डर वेनच्या गटानं युद्धकाळात अशी सुमारे 80,000 ओळखपत्रं तयार केल्याचं सांगितलं जातं. खोटं कार्ड कितीही हुबेहूब असलं, तरी एखाद्या संशयी अधिकाऱ्यानं त्यावरचं नाव कार्यालयातल्या मूळ नोंदीशी ताडून पाहिलं की खेळ संपला. तेव्हा खोटं टिकवायचं तर खरं नाहीसं करायचं.

आता आगीची गोष्ट. न उपसलेल्या खणांत कार्डं इतकी ठासून भरलेली असत की त्यांच्या मधे हवाच शिरत नसे, आणि हवा नसेल तर कागद पेटत नाही, फक्त कडेनं काळा पडतो. जाड पुस्तक शेकोटीत टाकून पाहिलेल्याला हे ठाऊक असतं. उरलेलं काम अग्निशमन दलानं केलं. दलातल्या काहींना आधीच कुणकुण होती. बंब सवडीनं आले आणि मग पाण्याचा मारा असा काही झाला, की आगीतून वाचलेली कार्डंही भिजून चिकटली. सुमारे 8 लाख कार्डं, म्हणजे एकूण संग्रहाच्या 15 टक्क्यांच्या आसपास, नष्ट झाली. हल्लेखोर जाताना 600 कोरी ओळखपत्रं आणि 50,000 गिल्डरही घेऊन गेले. त्या रात्री माणूस एकही मेला नाही.

पंधरा टक्के. हा आकडा मोठा की छोटा, हे ठरवता येत नाही आणि तेच खुपत राहतं. हॉलंडमधून ज्यूंना छावण्यांकडं पाठवणाऱ्या गाड्या जुलै 1942 पासून सुरू होत्या. मार्च उजाडेपर्यंत 40,000 हून अधिक माणसं गेलेली होती. जी कार्डं जळली त्यांतली किती गेलेल्यांची आणि किती राहिलेल्यांची, कोण मोजणार? दप्तर जळाल्यामुळं जो वाचला, त्याला आपण त्यामुळंच वाचलो हे कळायचा मार्ग नाही. न घडलेल्या अटकेची नोंद कुठंच होत नाही.

शिवाय ओळखपत्रांच्या नोंदींची दुसरी प्रत हेगमध्ये होती.

क्लाइकाम्प नावाच्या तिथल्या एका देखण्या हवेलीत पूर्वी चित्रांची प्रदर्शनं भरत. युद्धात तिथं साऱ्या देशाच्या ओळखपत्रांचं मध्यवर्ती दप्तर आलं. डच भूमिगतांनी लंडनला विनंती केली की ही इमारत पाडा. 11 एप्रिल 1944 रोजी ब्रिटिश हवाई दलाची सहा मॉस्किटो विमानं अगदी खालून आली आणि एकेका जोडीनं बॉम्ब टाकून गेली. नेम अचूक होता, एवढ्या नेमक्या हल्ल्याची उदाहरणं त्या युद्धात थोडी आहेत. मात्र वार होता मंगळवार आणि वेळ दुपारची, कचेरी भरलेली. सुमारे 60 माणसं मेली, बहुतेक तिथले कारकून. यात चूक झाली नव्हती. रात्री कपाटं बंद असतात, आणि बंद कपाटातला कागद जळत नाही, हे अॅमस्टरडॅमनं शिकवलं होतं. कामाच्या वेळी खण उघडे असतात, कार्डं टेबलांवर असतात. आणि टेबलांशी माणसं असतात.

इथं म्हण चपखल बसते, आणि नेमकी इथंच ती वापरू नये असं वाटतं. चुलीपुढची बाई ओलं लाकूड जाणूनबुजून आत सारते, तसंच काहीसं इथं झालं होतं. विनंती करणाऱ्यांना ठाऊक होतं की आत कोण बसतं. त्या कारकुनांमध्ये भूमिगतांना गुपचूप मदत करणारेही होते. मग ‘ओलं’ कुणाला म्हणायचं? यंत्रणेचं दळण रोज दळणाऱ्याला, की त्याच टेबलावर बसून एखादं कार्ड हळूच सरकवून ठेवणाऱ्याला? एकाच माणसानं सकाळी एक आणि दुपारी दुसरं केलं असेल तर? हल्ला चुकीचा होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. बरोबर होता म्हणायलाही ती अडखळते.

कारकुनाचा विषय निघाला की याकोब लेंट्स डोळ्यांसमोर येतोच. तो नाझी नव्हता, हीच त्याच्याबद्दलची अडचण. हॉलंडच्या लोकसंख्या नोंदणीचा हा प्रमुख, आणि नोंदणी हेच त्याचं वेड. जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसामागं त्याचं कार्ड या गावाहून त्या गावी जाईल, अशी घडी त्यानं 1930 च्या दशकात बसवली. त्याबद्दल त्याला राजदरबारी सन्मानही मिळाला. देशातल्या प्रत्येकाला ओळखपत्र असावं ही त्याची हौस होती. पण युद्धापूर्वी खुद्द डच सरकारनंच नकार दिला, कारण अशानं प्रत्येक नागरिकाला संशयित गुन्हेगार मानल्यासारखं होईल. मे 1940 मध्ये देश पडला. नवे मालक आले आणि त्यांना ही कल्पना फारच आवडली.

मग लेंट्सनं जे कार्ड केलं ते, त्या काळाच्या मानानं, अद्भुत होतं. कागदात जलचिन्ह. शाई अशी की विशिष्ट दिव्याखाली धरली की तिचं खरं-खोटं लगेच कळावं. फोटो आणि बोटाचा ठसा असे चिकटवलेले की फोटो बदलायला जावं तर कार्डाचीच वाट लागावी. 1941 पासून 15 वर्षांवरच्या प्रत्येकानं ते जवळ बाळगायचं होतं. बर्लिनच्या तज्ज्ञांनी ते तपासलं आणि जर्मन ओळखपत्रापेक्षा सरस ठरवलं. ज्यूंच्या कार्डावर ठळक ‘जे’ छापला गेला. जे काम बर्लिननं मागितलंही नव्हतं तेवढ्या बारकाईनं ते करणारा हा माणूस ना द्वेषानं पेटलेला, ना भीतीनं थरथरणारा. त्याला काम नीट व्हायला हवं होतं.

काम नीट व्हायला हवं! आपल्याकडं ज्या कारकुनाची फाईल हरवत नाही, जो टिपण वेळेवर पाठवतो, त्याचं कौतुकच होतं आणि व्हायलाही हवं. 1936 मधल्या लेंट्सचंही योग्यच कौतुक झालं होतं. 1941 मध्ये तो वेगळा माणूस झाला असं दाखवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

नोंदणी कार्यालयातल्या कार्डावर धर्माचा रकाना होता, तोही कुणा जर्मनानं घातलेला नव्हता. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू अशी प्रत्येकाची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, अशा समाजात तो रकाना पत्त्याइतकाच साधा वाटे. जानेवारी 1941 मध्ये ज्यूंनी नोंदणी करावी असा हुकूम निघाला तेव्हा सुमारे 1,60,000 माणसांनी ती केली. त्यांत मिश्र कुटुंबांतलेही आले. त्याच वर्षी मे महिन्यात अॅमस्टरडॅम पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी शहराचा एक नकाशा तयार केला. त्यावर काळे ठिपके आहेत, एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. तो नकाशा आजही पाहायला मिळतो. ठिपके सफाईनं काढलेले आहेत, कुठं फराटा नाही, कुठं शाई ओघळलेली नाही. नदीकाठच्या जुन्या वस्तीत ते इतके दाट आहेत की रस्ते दिसेनासे होतात.

हॉलंडमधल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1,02,000 मारले गेले, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश. शेजारच्या बेल्जियममध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास, फ्रान्समध्ये 25. सगळं दप्तराच्या माथी मारता येणार नाही. हॉलंड सपाट, लपायला डोंगर नाहीत, सीमेपलीकडं पुन्हा जर्मनच. शिवाय तिथं लष्कराऐवजी थेट नाझी पक्षाचा मुलकी अंमल होता. इतिहासकार यावर अजून भांडतात. तरीही तो नकाशा पाहिल्यावर भूगोलाची कारणं वाचताना मन लागत नाही.

फ्रान्सचं नाव निघालंच आहे तर रने कार्मिलची एक आडवाट घ्यायला हवी. लष्करातला हा हिशेबतपासनीस व्हिशी सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी सेवेचा प्रमुख झाला. छिद्रांच्या कार्डांवर चालणारी यंत्रं त्याच्या ताब्यात होती. 1941 च्या त्याच्या प्रश्नावलीत ज्यू असण्याबद्दलही प्रश्न होता. त्याचे चाहते सांगतात, त्यानं त्या उत्तराची छिद्रं पाडूच दिली नाहीत, काम मुद्दाम रेंगाळवलं. गुप्तपणे फ्रेंच सैन्य उभारण्यासाठी ती यंत्रं वापरली. यातला ज्यूंसंबंधीचा भाग कितपत खरा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण प्रश्न तर त्यानंच विचारला होता. फेब्रुवारी 1944 मध्ये तो लियाँमध्ये पकडला गेला आणि 25 जानेवारी 1945 रोजी डाखाउच्या छावणीत मेला. त्यानं घडवलेला 13 आकडी क्रमांक प्रत्येक फ्रेंच माणूस आज सामाजिक सुरक्षेसाठी वापरतो. लेंट्सला युद्धानंतर तीन वर्षांची शिक्षा झाली.

तर मग कागद जाळणारे शहाणे, असं म्हणावं? अरोन्देउस 1 एप्रिलला पकडला गेला. छळ सोसून त्यानं एकाही साथीदाराचं नाव सांगितलं नाही. पण त्याची एक वही पोलिसांना सापडली आणि तीवरून बाकीच्यांपैकी बरेच जण पकडले गेले. दुसऱ्यांच्या नावांची यादी जाळायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या मित्रांची नावं लिहून ठेवलेली होती! याला बेपर्वाई म्हणणं सोपं आहे. लेखकाला लिहिल्यावाचून राहवत नाही, हेही तितकंच खरं असेल. 1 जुलै 1943 रोजी बारा जणांना ओव्हरव्हेनजवळच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घातल्या. मरण्याआधी अरोन्देउसनं आपल्या वकील बाईंकडं निरोप ठेवला, की समलिंगी माणसं भित्री नसतात हे लोकांना कळू द्या. हे कळायलाही चाळीस वर्षं गेली. सरकारी सन्मान त्याला 1980 च्या दशकात मिळाला. फ्रीडा बेलिनफान्टे पुरुषाच्या वेशात काही महिने लपून राहिली, आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडला पोचली, पुढं अमेरिकेत कॅलिफोर्नियात तिनं वाद्यवृंद उभा केला आणि 1995 पर्यंत जगली.

एवढं झाल्यावर दप्तर नावाच्या गोष्टीचा कायमचा तिटकारा यावा. तो येतोही, आणि मग 2013 सालची एक बातमी आडवी येते. अॅमस्टरडॅम पालिकेचे जुने कागद संगणकावर चढवण्याचं काम चालू असताना एका विद्यार्थिनीच्या हाती काही पत्रं लागली. छावण्यांतून आणि लपलेल्या जागांतून परत आलेल्या ज्यूंनी युद्धानंतर लिहिलेली ती पत्रं होती. ते नसताना त्यांची घरं जप्त झाली, विकली गेली, त्यांत परके राहिले. आणि परतल्यावर पालिकेनं त्यांच्याच हाती त्या वर्षांच्या थकलेल्या भूभाड्याचं बिल ठेवलं, वर उशिराबद्दल दंडही लावला. भूभाडं वेळेवर का भरलं नाही, याचं कारण पालिकेच्या त्याच दप्तरात, दुसऱ्या खणात, होतं.

ही पत्रं कुणी जाळली नव्हती, फेकली नव्हती. कुणा काटेकोर कारकुनानं ती क्रमवार लावून ठेवली होती, म्हणूनच जवळजवळ सत्तर वर्षांनी सापडली. लेंट्सची सवय आणि या अनाम कारकुनाची सवय यांत फरक दाखवायला गेलं तर बोट कुठं ठेवायचं, समजत नाही.

त्या पत्रांवरून चौकशी झाली. 2016 मध्ये अॅमस्टरडॅम शहरानं त्या वसुलीपोटी ज्यू समाजाला 1 कोटी युरो द्यायचं ठरवलं. ज्यांनी ती पत्रं लिहिली होती, त्यांच्यापैकी बहुतेक जण तोवर हयात नव्हते.