कातडं काढायची सुरी

कातडं काढायच्या सुरीला अणकुचीदार टोक नसलेलंच बरं. ऐकायला विचित्र वाटतं, पण हरणाच्या पोटावर पहिली चीर देताना टोक आत घुसलं की आतडं फुटतं आणि मांस नासतं. म्हणून पातं ३ ते ४ इंचांचं, त्याची पाठ टोकाकडे हळूहळू खाली उतरत आलेली आणि धारेला फुगीर गोलवा. याला इथे ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणतात. बॉब लव्हलेस नावाच्या अमेरिकन कारागिरामुळे तो शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाला. खरं काम तो गोलवाच करतो. चामडी आणि मांस यांच्यामध्ये एक पांढरट पापुद्रा असतो, तेवढाच कापायचा. हरीण अजून कोमट असेल तर सुरी फारशी लागतही नाही. मूठ घालून दाबत गेलं की कातडं सुटत येतं.

बीव्हरचं तसं नाही. त्याचं कातडं ओढून निघतच नाही, इंच-इंच सोडवावं लागतं. तिथे पातं जरा लांब आणि जास्त वळणदार हवं. घाई केली की भोक पडतं आणि भोक पडलं की भाव पडतो.

हे सगळं मी मिनेसोटात शिकलो. टीममधला एक सीनियर नोव्हेंबरात हरणांच्या सीझनला न चुकता सुट्टी टाकतो आणि हिवाळाभर सापळे लावतो. लायसन्स काढून, नियमांत राहून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, त्यामुळे सुरुवातीला त्याच्या गॅरेजमध्ये उलटी टांगलेली हरणं बघून मला उगाच इकडे-तिकडे बघावंसं वाटायचं.

मला ओढ होती ती धारेची. धार म्हणजे दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ. शिकारीच्या सुरीला दर बाजूला साधारण २० अंश ठेवतात. स्वयंपाकाच्या सुरीसारखे १५ ठेवले तर ती कापते झकास, पण हाडाला लागली की कडेचा तुकडा उडतो. कोन धरता येत नसेल तर कडेला मार्करने काळं करायचं आणि दगडावर दोन हात मारून बघायचं. शाई जिथे पुसली गेली तिथेच घासलं जातंय. मला हे फार आवडलं, कारण डीबगिंग याहून वेगळं काय असतं? एक बाजू घासत राहिलं की पलीकडच्या कडेला बारीक खरखर हाताला लागते. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये जॉबला फाइल मारताना यायची, तीच ही बर. ती संपूर्ण कडेला आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने ओढायचं. कातडं काढायच्या सुरीची धार कातड्यावरच पुरी होते.

पोलाद फार कडक नको. ६० रॉकवेलच्या वरची पाती धार टिकवतात, पण बोथट झाल्यावर थंडीत अर्धा तास घासत बसायला कुणाला वेळ आहे? मऊ पोलाद दोन हातांत परत कामाला लागतं. आणि केस वरून कधीच कापायचे नाहीत. त्यांत माती-वाळू अडकलेली असते आणि ती धार खाते. पातं आतून घालून, धार वर करून, कातडं आतून बाहेर चिरायचं.

पहिल्या वर्षी त्याने सुरी माझ्यापुढे धरली तेव्हा मी म्हणालो, धार मी लावतो, बाकी तू कर. त्याला वाटलं, मला रक्ताचं काही वाटत असेल.

तो ३०० डॉलरची सुरी घेऊन हे काम हौसेनं करतो. आमच्या घराण्यात ते वाट्याला आलेलं होतं. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं, कातडं काढायचं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ते आमच्या गावापर्यंत पोचायला काही वर्षं लागली, पण पोचलं. पणजोबांनी सुरी विहिरीत टाकली, असं घरात सांगतात. आईचा यावर विश्वास नाही. “लोखंड कोण टाकतं? विकली असेल,” असं ती म्हणते. मी सेकंड इयरला असताना, जुलै २०१६ मध्ये, गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना बेदम मारलं, त्याचा व्हिडिओ होस्टेलवर सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. माझ्या रूममेटने तो बघून फोन उलटा ठेवला आणि मेसला चलतोस का विचारलं. सीनियरला हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं? मी प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी सुरी पुढे केली नाही. ती टेबलावर ठेवली आणि तो कॉफी आणायला गेला.

मी मस्करॅट घेतला. पाण्यातला मोठा उंदीरच म्हणा. मागच्या एका टाचेपासून शेपटीखालून दुसऱ्या टाचेपर्यंत चीर, मग कातडं ओल्या बनियनसारखं उलटं करत डोक्याकडे ओढायचं. सुरी लागते ती फक्त शेपटीपाशी, पुढच्या पायांशी, आणि कान-डोळे-ओठांच्या भोवती. डोळ्यापाशी मी एवढा हळू चाललो होतो की मला माझा श्वास ऐकू येत होता. भोक पडलं नाही. तारेच्या साच्यावर, केस आत करून, ते वाळत घातलं.

रविवारी आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

“पैसे देतात का?” तिने विचारलं.

“कातड्याचे देतात. फार नाही.”

“देतात ना,” ती म्हणाली आणि फोन पप्पांकडे दिला. पप्पांनी विचारलं, बर्फ पडला का.