बिडाचा तवा आणि कुळागरातली मिरी

आम्ही फोंड्याचे. लेक मेलबर्नहून आला नि म्हणाला, "बाबा, आज घरी स्टेक करू?" 20 वर्षांपूर्वी ह्याच खाण्यावरून आमचं वाजलं होतं, तेव्हा मध्ये पडायला ही होती. आता तिचा बिडाचा तवा तेवढा उरलाय. तो मीच काढून दिला.

त्यानं मांस पुसून कोरडं केलं, मीठ लावलं, कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी 3-3 मिनिटं भाजलं, मग 5 मिनिटं नुसतं ठेवलं. माझ्यासाठी सॉस मात्र वेगळ्या भांड्यात: लोण्यावर परतलेली आमच्या कुळागरातली भरड मिरी, वर क्रीम. मी पाव बुडवून खाल्ला.

"तिखट झालं का, बाबा?"

"चालेल रे. अजून थोडं वाढ."

बँकेतल्या भाषेत सांगायचं तर, जुनी थकबाकी फिटली.