जाणार की राहणार?

2024 च्या रमजानमधली ही गोष्ट. तरावीह आटोपून घरी परतलो की आमच्या पडवीत रोज रात्री मुलांची मजलिस भरायची. माझा धाकटा मुलगा, शेजारचा त्याचा दोस्त आणि फोनच्या पडद्यावर माझा पुतण्या. पुतण्या जर्मनीत, कोलोन शहरात शिकतो. आमच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असायचे, तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे आमचा दिवसभराचा रोजा कधीच सुटलेला आणि तो बिचारा अजून इफ्तारची वाट पाहत बसलेला. पण वाद सुरू झाला की त्याला तहान-भूक काही आठवत नसे.

विषय रोज एकच. अलोन्सो जाणार की राहणार?

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. आमची पिढी क्रिकेटची. पण रोज कानावर पडून पडून गोष्ट समजली. कोलोनला अगदी लागून लेव्हरकुसेन नावाचं शहर आहे. तिथल्या बायर या औषधांच्या कारखान्यातल्या कामगारांनी 1904 साली एक क्रीडामंडळ काढलं. त्याचाच पुढे मोठा फुटबॉल क्लब झाला. 1988 मध्ये यूएफा कप आणि 1993 मध्ये जर्मन कप त्यांनी जिंकला. पण जर्मनीची मुख्य लीग, बुंडेसलीगा, 120 वर्षांत एकदाही नाही. 2002 साली तर लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही ठिकाणी ते शेवटच्या पायरीवर घसरले. तेव्हापासून 'कायमचे दुसरे' म्हणून लोक त्यांची थट्टा करायचे.

ऑक्टोबर 2022 मध्ये या क्लबने झाबी अलोन्सो यांना प्रशिक्षक नेमलं. संघ तेव्हा 18 संघांत 17 व्या क्रमांकावर होता. अलोन्सो खेळाडू म्हणून जगज्जेते, पण प्रशिक्षक म्हणून नवखे. त्याआधी त्यांनी स्पेनमध्ये रेआल सोसिएदादचा दुसरा संघ सांभाळला होता. आणि दीड वर्षात तोच संघ मार्च 2024 मध्ये लीगच्या शिखरावर होता. त्या मोसमात एकही सामना हरलेला नव्हता. सलग 11 वर्षं लीग जिंकणारा बायर्न म्युनिक 10 गुण मागे होता.

मग सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. 26 जानेवारीला लिव्हरपूलचे युर्गन क्लॉप यांनी मोसम संपल्यावर जाणार असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारीत बायर्नने आपले प्रशिक्षक थॉमस टुखेल उन्हाळ्यात जातील असं सांगितलं. दोन मोठ्या गाद्या रिकाम्या होणार होत्या. अलोन्सो दोन्ही क्लबांकडून खेळलेले!

माझा मुलगा मोहम्मद सालाहमुळे लिव्हरपूलचा झालेला. तो म्हणायचा, "ते आमचेच आहेत. 2005 ला इस्तंबूलच्या फायनलमध्ये मिलान 3-0 ने पुढे होतं. तिसरा गोल कोणी फेडला? अलोन्सोने! पेनल्टी अडवली गेली, तरी परत आलेला चेंडू आत मारला. असा माणूस हाक मारल्यावर येणार नाही?"

शेजारचा मुलगा बायर्नवाला. त्याचं गणित सरळ होतं. "पैसा कुठे जास्त? कप कुठे जास्त? तिथे तीन वर्षं खेळून तीनदा लीग जिंकलीय त्यांनी. लहान क्लबात कोण थांबतं?"

पुतण्याचा आवाज मात्र हळवा व्हायचा. "करार 2026 पर्यंत आहे त्यांचा. इथल्या लोकांनी आयुष्यभर वाट पाहिलीय. एवढं दाखवून ते आता गेले, तर ती बेवफाई होईल. हो ना चाचा?"

मी हसून म्हणायचो, "तुम्ही इथे रात्र जागवा. त्या माणसाला तुमची नावंसुद्धा ठाऊक नाहीत."

हसणं फार दिवस टिकलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या जमातीची बैठक झाली. मी मशीद कमिटीचा चिटणीस. विषय आमच्या मौलानांचा. सहा वर्षांपासून ते इमामत करत होते आणि संध्याकाळी मकतबमध्ये मुलांना शिकवत होते. माझ्या धाकट्याचं कुरआन त्यांच्याच हाताखाली खत्म झालं. आता कुणीतरी बातमी आणली होती की मुंबईकडच्या एका मोठ्या मशिदीने त्यांना बोलावणं पाठवलंय. पगार जवळजवळ दुप्पट, वर राहायला जागा.

बैठकीत जे बोललं गेलं, ते ऐकताना मला वाटलं, मी आमच्या पडवीतच बसलोय. एक जण म्हणाले, "आपलेच आहेत, जाणार नाहीत." दुसरे म्हणाले, "पैसा दिसला की कोण थांबतो?" तिसऱ्यांनी ठासून सांगितलं, "दीनचं काम आहे. त्यात पगार बघायचा नसतो. सहा वर्षं आपण सांभाळलं, आता गेले तर बेवफाईच म्हणायची." माना हलल्या. माझीही हलली.

घरी येऊन मुलाला सहज विचारलं, "करार असताना क्लब प्रशिक्षकाला काढू शकतो का रे?"

तो हसला. "अब्बा, रोजच काढतात. रानिएरींचं ठाऊक नाही तुम्हाला?"

मग त्याने सांगितलं. इंग्लंडमधला लेस्टर सिटी हा छोटा क्लब. 2015 मध्ये कसाबसा खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचलेला. क्लॉडिओ रानिएरी नावाचे वयस्कर इटालियन प्रशिक्षक आले आणि पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, संघ प्रीमियर लीग जिंकला. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच. सारं जग चकित झालं. पुढच्या मोसमात संघ पुन्हा खाली घसरू लागला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये, कप उचलल्याला नऊ महिने होताहेत तोच, क्लबने त्यांना काढून टाकलं.

"मग तेव्हा क्लबला बेवफा कोण म्हणालं?" मी विचारलं.

"काही लोक रडले, चिडले. पण नवा माणूस आला, संघ जिंकायला लागला. मग विसरले."

त्या रात्री मला झोप लागेना. अलोन्सो यांच्याकडे निदान लेखी करार होता. आमच्या मौलानांकडे काय होतं? तोंडी ठरलेला पगार, जो चार वर्षांत वाढला नव्हता. मशिदीमागची एक खोली. तिचे पत्रे पावसात गळतात हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मीच 'बघू' म्हणालो होतो. गावी जायला रजा हवी असली की कमिटीतल्या प्रत्येकाची मर्जी सांभाळायची. आम्हाला नको झाले असते, तर महिनाभराची मुदत देऊन आम्ही त्यांना निरोप दिला असता आणि त्याला 'व्यवस्था' म्हटलं असतं. पण तेच निघाले तर बेवफा! सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमाने होते. तो हुकूम काम देणाऱ्यालाही आहे. मजुराच्या घामाविषयीची हदीस तर जुम्याच्या खुतब्यात आम्ही मौलानांच्याच तोंडून ऐकली होती. ऐकून घरी जेवायला गेलो होतो.

29 मार्च, शुक्रवार. आमचा अठरावा रोजा. आम्ही इफ्तारच्या दस्तरखानावर बसत होतो आणि पुतण्याचा फोन आला. "चाचा, राहिले! अलोन्सो राहिले!" पत्रकारांसमोर बसून त्यांनी स्वतः सांगितलं होतं की पुढच्या मोसमातही ते लेव्हरकुसेनमध्येच असतील, इथलं काम अजून पुरं झालेलं नाही, आणि आपल्यासारख्या तरुण प्रशिक्षकासाठी हीच योग्य जागा आहे. माझ्या मुलाने खजूर हातातच धरला, थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "चांगला माणूस आहे. आमच्याकडे आला असता तर बरं झालं असतं."

मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. या माणसाला थांबावंसं वाटेल असं त्या क्लबने काहीतरी केलं होतं. संघ 17 व्या क्रमांकावर असताना नवख्या माणसावर भरवसा टाकला, त्याला हवे तसे खेळाडू आणले, त्याला शिकायला वेळ दिला. थांबणं अशा जमिनीत उगवतं. नुसत्या घोषणांनी माणूस थांबत नाही.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. आधी आपण काय देतो ते बघू, मग त्यांनी काय करावं ते बोलू. काही जण नाराज झाले. एकाने विचारलं, "तुम्ही त्यांचे वकील कधीपासून?" पण शेवटी तीन गोष्टी ठरल्या. पगारात वाढ, पावसाआधी नवे पत्रे, आणि सगळ्या अटी, रजेसकट, एका कागदावर. मुंबईइतका पगार आम्हाला परवडणारा नव्हताच. मी कागद घेऊन खोलीवर गेलो, तेव्हा मौलानांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं." मला वर बघवलं नाही. ते राहिले.

तिकडे 14 एप्रिलला लेव्हरकुसेनने वेर्डर ब्रेमेनला 5-0 हरवून आयुष्यातली पहिली लीग जिंकली. 34 सामन्यांत एकही हार नाही. मे महिन्यात युरोपा लीगच्या फायनलमध्ये अटलांटाने त्यांना 3-0 हरवलं, मोसमातला तो एकच पराभव. तीनच दिवसांनी त्यांनी जर्मन कपही उचलला. पुतण्या म्हणाला, रस्त्यावर म्हातारी माणसं रडत होती.

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण 2025 च्या रमजानआधी मौलाना माझ्याकडे आले. एका मोठ्या मदरशात वरच्या वर्गांना शिकवायची संधी आली होती. "बकरी ईदपर्यंत मी इथेच आहे," ते म्हणाले. "नऊ मुलांचं कुरआन अर्ध्यावर आहे. ते खत्म करूनच जाईन." मे महिन्यात अलोन्सो यांनीही जाहीर केलं की ते मोसम संपल्यावर लेव्हरकुसेन सोडतील. पुढे रेआल माद्रिदने त्यांना घेतलं. कराराचं एक वर्ष उरलं होतं.

मी पुतण्याला विचारलं, "आता काय? बेवफा?"

तो जरा थांबून म्हणाला, "दोन दिवस वाईट वाटलं, चाचा. पण राहीन म्हणाले होते तेवढे राहिले. जाताना सांगून गेले. लोकांनी प्रेमाने निरोप दिला त्यांना. अजून काय मागायचं?"

आमच्या मौलानांनी नऊपैकी नऊ मुलांचं कुरआन पुरं केलं. निरोपाच्या दिवशी पूर्वी नाराज असलेले गृहस्थच सगळ्यात आधी गळाभेटीला पुढे आले. मला वाटतं, वफा म्हणजे जन्मभर थांबणं नव्हे. हाती घेतलेली अमानत नीट सांभाळणं आणि जाताना ती धडपणे दुसऱ्याच्या हाती देणं, हीही वफाच. आणि ज्यांच्यासाठी माणूस राबतो, त्यांच्याकडेही त्याची अमानत असते.

हे सगळं समजलं म्हणून मी सुधारलो, असं कुणाला वाटायला नको. 1 सप्टेंबरला मुलगा बातमी घेऊन आला. अलोन्सो यांच्या जागी आलेले एरिक टेन हाग यांना लेव्हरकुसेनने लीगच्या अवघ्या दोन सामन्यांनंतर काढलं होतं! ज्या क्लबची मी बैठकीत मिसाल दिली होती, त्याच क्लबने. मी तावातावाने बोलू लागलो, "दोन सामन्यांत माणूस कळतो का? निदान स्थिरावू तरी द्यावं!"

माझी पत्नी भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आपल्या नव्या मौलानांना येऊन किती दिवस झाले?"

"तीन महिने होतील."

"त्यांच्या खोलीतला पंखा बंद पडलाय म्हणत होते ना? त्याचं काय झालं?"

मी फोन उचलला आणि वायरमनचा नंबर शोधू लागलो.